ग्रेस हॉपर आणि आमचे चार लॅपटॉप

माझ्या मशीनवर तर चालत होतं, हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही तो इंजिनीअरिंगचा विद्यार्थीच नव्हे! मी हे वाक्य उच्चारलं ते थेट एक्स्टर्नलसमोर. त्या फजितीतूनच हा लेख जन्माला आला, म्हणून आधी ती सांगतो आणि मग मुख्य विषयाकडे वळतो.

डोंबिवलीत हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तोंडाला साबण लावलेला असतानाच नळ फुस्स करतो. यावर उपाय म्हणून आम्ही प्रोजेक्ट घेतला : गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. आम्ही पार्टनर चौघं. टाकीवरच्या बोर्डचा कोड सी मध्ये, आकडे साठवणारा सर्व्हर पायथनमध्ये, वेब पेज जावास्क्रिप्टमध्ये आणि मोबाईलचं अ‍ॅप जावामध्ये. चार भाषा, चार पार्टनर, चार लॅपटॉप. ज्याला जे लागलं ते त्याने आपापल्या लॅपटॉपवर टाकलं. काय टाकलं, कुठलं व्हर्जन टाकलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर सगळं जोडून चालत होतं, म्हणून बाकीचे तिघं निश्चिंत होतो.

रिव्ह्यूच्या आदल्या रात्री त्याला आजोबांच्या आजारपणामुळे तातडीने गावी जावं लागलं. लॅपटॉप अर्थातच त्याच्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या तीन लॅपटॉपनी तीन वेगवेगळी कारणं दिली. एकाला लायब्ररी सापडेना, दुसऱ्यावर पायथनचं व्हर्जन वेगळं, तिसऱ्याला जावा नेमका कुठे आहे तेच कळेना. एक्स्टर्नलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक आठवड्याची मुदत दिली.

त्या रात्री मेसमध्ये तोंडं पाडून बसलो होतो. मेसच्या काकूंचे दीर तिथेच जेवायला असतात. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची अख्खी नोकरी झाली, रोज डोंबिवली ते व्हीटी. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. आमचं रडगाणं ऐकून ते म्हणाले की हा आजार तुमच्या जन्माच्या आधीचा आहे, माझ्याही नोकरीच्या आधीचा आहे, आणि त्यावर औषध शोधण्यात एका बाईने सगळं आयुष्य घालवलं. बाईचं नाव ग्रेस हॉपर. मी त्या आठवड्यात सेटअप करायचं सोडून आधी तिच्याबद्दलच वाचत बसलो. पार्टनरच्या शिव्या खाल्ल्या, पण त्याचा उपयोग झाला.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना घड्याळाचा गजर कसा वाजतो ते पाहायला तिने एक घड्याळ खोललं. सगळे भाग बाहेर आले, पण परत जोडता येईनात. मग ते कसं जोडलेलं असतं हे बघायला दुसरं खोललं. असं करत आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं खोलून झाली होती! आईने काय करावं? बाकीची घड्याळं काढून घेतली आणि एक घड्याळ खेळायला दिलं. आपल्याकडे असतं तर आधी दोन धपाटे मिळाले असते.

१९२८ साली ती व्हॅसर कॉलेजमधून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९३१ पासून ती व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागली आणि १९३४ साली तिने येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. त्या काळात एका बाईसाठी ही फारच मोठी गोष्ट. पक्की नोकरी, मानाची जागा... कुणीही इथेच थांबलं असतं.

पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. अडचणी दोन : वय जास्त आणि वजन कमी. नियमाप्रमाणे निदान १२० पौंड वजन हवं होतं, बाई भरल्या १०५ पौंड. शिवाय गणिताचे प्राध्यापक घरी राहूनच देशाला जास्त उपयोगी, असं सरकारचं मत. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये खास सवलत मिळवून त्या नौदलात शिरल्या आणि ट्रेनिंगमध्ये पहिल्या आल्या. वय तेव्हा ३७. तरुण मुलींबरोबर कवायत करताना काय वाटलं असेल, कल्पना करा!

१९४४ च्या जुलैत त्यांना हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली पाठवलं. तिथे मार्क वन नावाचं यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच. आत रिले, चाकं, शाफ्ट आणि मोटर. एका सेकंदाला तीन बेरजा करायचं. एका गुणाकाराला सहाएक सेकंद लागायचे. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचा. या यंत्राचं मॅन्युअल लिहायचं काम बाईंकडे आलं आणि त्यांनी चक्क ५६१ पानांचं मॅन्युअल तयार केलं. ते १९४६ साली छापून निघालं. आम्ही आमच्या प्रोजेक्टचं एक पानसुद्धा लिहिलं नव्हतं, हे इथे नम्रपणे नोंदवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मार्क वनवर काम करणाऱ्या मंडळींनी वह्या केल्या होत्या. एखादं गणित करणारा प्रोग्रॅमचा तुकडा एकदा नीट चालला की तो वहीत उतरवून ठेवायचा. पुढे कुणाला लागला की त्याने तो हाताने उतरवून घ्यायचा. थोडक्यात, आपण जर्नल छापतो तसंच. पण त्या तुकड्यातले मेमरीचे पत्ते प्रत्येक नव्या प्रोग्रॅममध्ये बदलायचे, म्हणजे प्रत्येक ओळीत बेरीज करून नवा पत्ता लिहायचा. बाईंच्या लक्षात आलं की माणसं दोन कामांत हमखास चुकतात : नक्कल करण्यात आणि बेरीज करण्यात. आणि यंत्राला तर नेमक्या याच दोन गोष्टी उत्तम जमतात! मग हे काम माणसाने का करायचं?

याच काळातली पतंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू यंत्राच्या एका रिलेत खरोखरचा पतंग सापडला आणि लॉगबुकात चिकटवला गेला. बग हा शब्द त्यावरून आला असं आपण फर्स्ट इयरला ऐकतो, पण ते खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. हॉपरबाईंनी ती गोष्ट पुढे इतक्या रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

१९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला होता. युद्ध संपलं, आणि हार्वर्डमध्ये बाईंना कायमची जागा मिळण्यासारखी नव्हती. कामाचा ताण, एकटेपणा, पुढे काय हे ठाऊक नाही, आणि त्यात दारू. १९४९ च्या आसपासचा त्यांचा काळ बराच वाईट गेला. हे मुद्दाम लिहितोय, कारण थोरांच्या चरित्रात आपण नेहमी फक्त पदकं मोजतो. एका केटीने आयुष्य संपलं असं वाटणाऱ्यांनी हे वर्ष जरूर लक्षात ठेवावं. त्याच १९४९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत दाखल झाल्या. कंपनी लहान, पैशांची चणचण आणि युनिव्हॅक नावाचं कॉम्प्युटर अजून तयारही झालेलं नव्हतं. १९५० मध्ये ती कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

तिथे त्यांनी वहीची कल्पना यंत्रात उतरवली. तपासलेले तुकडे टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला एक खूण द्यायची. प्रोग्रॅमरने फक्त कुठल्या क्रमाने कोणते तुकडे हवेत तेवढं सांगायचं. टेपवरून तुकडा शोधणं, योग्य जागी ठेवणं, पत्त्यांची बेरीज करणं ही सगळी उस्तवार यंत्राने करायची. १९५२ साली हे चालू झालं. नाव ए-झीरो. यालाच त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत ते लिंकर-लोडरच्या जास्त जवळ जाईल, पण पाऊल मोठं होतं. गंमत म्हणजे ते चालू असूनही लोक वापरेनात! कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं जो तो म्हणायचा. पुढच्या आवृत्तीबरोबर, १९५३ च्या ए-टू बरोबर, त्यांनी ग्राहकांना आतला कोडसुद्धा पाठवला आणि सुधारणा सुचवा म्हणून सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द यायला तेव्हा चाळीसेक वर्षं अवकाश होता.

यानंतरचा किस्सा मला सगळ्यांत जास्त आवडला. बाईंचं म्हणणं असं की गणितवाल्यांना चिन्हं आवडतात, पण हिशेब ठेवणाऱ्या, पगारपत्रकं करणाऱ्या लोकांना शब्द हवे असतात. मग त्यांना शब्दांतच प्रोग्रॅम लिहू द्या की! १९५५ च्या सुमारास त्यांनी एक छोटा नमुना तयार केला. इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राने चालवून दाखवला. मग वरिष्ठांवर छाप पडावी म्हणून तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही दाखवला. छाप पडायची राहिली बाजूला, वरिष्ठ हबकलेच! अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कसं समजेल? ही समजूत काढण्यात बाईंचे चार महिने गेले. शेवटी फक्त इंग्रजी ठेवू असं कबूल करावं लागलं. त्यातून पुढे फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. फर्स्ट इयरला सी शिकताना मला सतत वाटायचं की कॉम्प्युटर ही इंग्रजीवाल्यांची जहागीर आहे. हा किस्सा वाचला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्राला इंग्रजीही येत नाही! इंग्रजीतला ॲड असो की मराठीतला बेरीज, त्याच्या दृष्टीने दोन्ही नुसत्या बिटांच्या रांगा. मधला कंपायलर त्या रांगेचा अर्थ लावतो. यंत्राला मातृभाषाच नाही, म्हणून तर एका यंत्रावर सी, जावा, पायथन सुखाने नांदू शकतात. फक्त मधली व्यवस्था नीट हवी.

ती व्यवस्था त्या काळी नव्हती. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, त्याची भाषा वेगळी. यंत्र बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा कॉम्प्युटर तयार झाला, पूर्ण इथे बांधलेला. त्याचा शब्द ४० बिटांचा. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आला, त्याचा शब्द ४८ बिटांचा. टिफरॅकच्या यंत्रभाषेतला प्रोग्रॅम सीडीसीवर जसाच्या तसा चालणं शक्यच नव्हतं. म्हणजे एका आवारातल्या दोन यंत्रांचंही आमच्या लॅपटॉपसारखंच!

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये सरकारी खाती आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक धंदेवाईक भाषा करायची ठरली. तीच कोबोल. हॉपरबाईंना कोबोलची आई म्हणतात, पण भाषा प्रत्यक्षात समितीने घडवली. बाई सल्लागार होत्या आणि पाया बराचसा त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना पटेल असं सांगतो. आपली मध्य रेल्वे १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेली, ते काम २०१६ साली पूर्ण झालं. मधल्या काळात दोन्हीवर चालणाऱ्या लोकल होत्या. डोंबिवलीला डब्यात लटकलेल्या माणसाला वरच्या तारेत काय आहे याचा पत्ताही लागत नसे. लागू नये यातच सगळं इंजिनीअरिंग आहे!

पण भाषा एक ठरली म्हणून भांडण मिटलं नाही. जो तो आपापल्या पद्धतीने कोबोलचा कंपायलर करू लागला आणि एकाच भाषेच्या पोटभाषा झाल्या. १९६६ च्या अखेरीस नौदलाने बाईंना वयामुळे निवृत्त केलं. पगाराचे आणि इतर प्रोग्रॅम सांभाळता सांभाळता नौदलाच्या नाकी नऊ आले, तेव्हा ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९ वर्षं चालले! या काळात त्यांनी चाचणी प्रोग्रॅमचा संचच तयार करून घेतला. कंपायलर प्रमाण कोबोलला धरून आहे की नाही हे त्यावर घासून बघायचं. नुसता नियम करून भागत नाही, तो पाळला जातोय का हे तपासणारं काहीतरी लागतं, हे त्यांना कळलं होतं.

या वयातही त्यांची शिकवायची हौस दांडगी. साधारण ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे त्या व्याख्यानात वाटायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते, हे हातात धरून कळावं म्हणून. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. पूर्वीपासून असंच चालत आलंय हे कारण त्यांना अजिबात खपत नसे, त्याची ती आठवण. १४ ऑगस्ट १९८६ रोजी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. वय ७९. लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू! १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे आणि २०१६ साली त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आलं.

काकांनी याला आपली पुरवणी जोडली. महाग मेमरी वाचवायला जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. २००० साल जवळ आलं तेव्हा ते सगळं शोधून दुरुस्त करावं लागलं. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र काकांनी बँकेच्या कॉम्प्युटर रूममध्ये काढली. सर्वांत जास्त त्रास झाला तो कशाचा? कोड लिहिणाऱ्यांनी काहीच टिपून ठेवलं नव्हतं त्याचा.

हे ऐकून आम्ही कामाला लागलो. आमची चूक आता स्पष्ट दिसत होती. आम्ही चार भाषांची चार घरं बांधली होती. ठरवलं, एकच वातावरण करायचं, चौघांच्या लॅपटॉपवर तंतोतंत तेच. एडिटर एकच घेतला, व्हीएस कोड. तो सगळ्या भाषा कशा सांभाळतो यामागे हॉपरबाईंच्याच जातीची युक्ती आहे. पूर्वी १० एडिटर आणि २० भाषा असतील तर प्रत्येक जोडीसाठी वेगळं काम, म्हणजे २०० जोडण्या. २०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला. आता प्रत्येक भाषेने एक सर्व्हर करायचा, प्रत्येक एडिटरने एकदा तो प्रोटोकॉल शिकायचा. २०० ऐवजी ३० वर काम भागतं.

मग सगळा कोड गिटमध्ये एका फोल्डरखाली आणला. पायथनचं, जावाचं आणि नोडचं नेमकं व्हर्जन आणि प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन फाईलमध्ये लिहिलं. लेटेस्ट असं कुठेही लिहायचं नाही, कारण आजचं लेटेस्ट आणि परीक्षेच्या दिवशीचं लेटेस्ट एक नसतं! हे सगळं डॉकरच्या एका कंटेनरमध्ये बसवलं. हॉस्टेलच्या वाय-फायवर डाऊनलोडला अख्खी रात्र गेली आणि ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपने मान टाकली, तेव्हा त्याच्यासाठी हलकी आवृत्ती केली. बोर्डचा यूएसबी पोर्ट कंटेनरच्या आत नेणं काही आम्हाला झेपलं नाही. ते काम बाहेरच ठेवलं आणि तसं स्पष्ट लिहिलं. शेवटी एका पानाची रीडमी लिहिली, आणि पाच छोट्या चाचण्या.

खरी परीक्षा घेतली ती शेजारच्या खोलीतल्या सिव्हिलच्या मित्राने. त्याच्या लॅपटॉपवर यातलं काहीच नव्हतं. त्याला फक्त रीडमी दिली आणि आम्ही तोंडाला कुलूप लावून मागे उभे राहिलो. चौथ्या पायरीला तो अडकला, आम्ही एक ओळ लिहायला विसरलो होतो. ती घातली, त्याला सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं (त्याबद्दल दोन वडापाव द्यावे लागले), आणि या वेळी पाचही चाचण्या पास झाल्या.

दुसऱ्या रिव्ह्यूला आम्ही मुद्दाम त्याचाच लॅपटॉप नेला. चाललं. एक्स्टर्नलनी मान डोलावली आणि रीडमीची एक प्रत मागून घेतली. गावी गेलेला पार्टनर परत आला तेव्हा त्याला काही विचारायची गरजच उरली नव्हती, आणि त्यालाही सुटल्यासारखं वाटलं. आजोबांच्या उशाशी बसून फोनवर एरर सोडवण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

ज्युनिअर मित्रांनो, तुमचा प्रोजेक्ट कधीतरी दुसऱ्याच्या मशीनवर चालवावा लागणारच आहे. तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्रीची वाट पाहू नका. दुसऱ्या ब्रँचचा एक मित्र धरा, त्याला रीडमी द्या आणि स्वतः गप्प बसा.

जाता जाता : टाकीत किती पाणी आहे ते आता सगळ्या हॉस्टेलला मोबाईलवर दिसतं. आज सकाळी साडेसहाला ४ टक्के होतं. पाणी कसं आणायचं, त्याचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचने घ्यावा ही विनंती!

– एक हॉस्टेलकर, अंतिम वर्ष (कॉम्प्युटर)